घाण्याची तहान

एकदा एका खोऱ्यात, जिथे घरोघरी लाकडी घाण्यांवर तिळाचे तेल गाळले जाई, तिथे नदीपलीकडच्या शहरातला एक व्यापारी आला. ते शहर तेव्हा भराभर वाढत होते. त्याने स्वखर्चाने नदीवर पूल बांधून दिला आणि तिळाला असा भाव दिला, की तेल गाळण्याचे कष्ट कुणाला सुचेनात. गावाने त्याला डोक्यावर घेतले. सत्काराचा हार घातला तो वृद्ध घाणेकऱ्याच्या लाडक्या शिष्याने.

पुढे त्याच पुलावरून व्यापाऱ्याच्या कारखान्यातले डबाबंद तेल आले, गावच्या तेलाहून स्वस्त. घाणे थांबले, बैल विकले गेले. शिष्यही ओट्यावर बसून मजेत राहू लागला. वृद्ध मात्र बाजारातून तेल घेऊन येई आणि आपल्या रिकाम्या घाण्याच्या उखळाला चोळत बसे.

शिष्याला हसू आवरेना. "आबा, खायचं तेल लाकडाला पाजताय?"

"त्याला तहान लागते रे," एवढेच वृद्ध म्हणाला.

काही वर्षांनी व्यापाऱ्याला दूरच्या मुलखात आणखी स्वस्त तीळ मिळाला. त्याने खोऱ्यातली खरेदी बंद केली, तेलाचा भाव मात्र चढवला. आता घरात तिळाची पोती पडून, आणि फोडणीला तेल नाही! शिष्याने कुठूनसा बैल मागून आणला आणि आपल्या घाण्याला जुंपला. पहिल्याच फेऱ्यात उखळ उभे तडकले. तेलावाचून लाकूड सुकून खडखडीत झाले होते.

तो तणतणत वृद्धाकडे आला. "आबा, त्या चोराने बुडवलं आपल्याला!"

"चोर कसला? भाव चोख दिला त्याने," वृद्ध म्हणाला. "वाढणारा माणूस आधी आपलं घर भरणारच. तीळ मीही विकला त्याला. पण घाणा बंद ठेवा, असं तो एकदाही म्हणाला नाही. ते आपण ठरवलं. सुकलं लाकूड तडकतं, हे तुला मीच शिकवलं होतं ना?"

शिष्य वरमला. "मग नवा घाणा घडवू. सुतार कुठे असतो हल्ली?"

"पलीकडे, व्यापाऱ्याच्या कारखान्यात. खोकी ठोकतो."

"आणि तुमचा घाणा?"

"चालतो की. पण एका घाण्यावर गाव जगत नाही, पोरा."

गिऱ्हाईक पुन्हा मिळाले असते, अवजार आणि ते घडवणारे हात मिळणार नव्हते, हे शिष्याला उमगले. आठवड्याभरात तोही पलीकडे कामाला लागला. तिथे त्याला तीळ पाखडायला बसवले. तेल गाळता येते का, हे कुणी विचारलेसुद्धा नाही.