तळ्याच्या दोन होड्या

“मग आता मी इथंच राहिलो, तर चालेल ना तात्या?”

तात्या दिवेकर झोपडीच्या पायरीवर मासा साफ करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रद्योत समोर उभाच राहिला. पाठीवरची सॅकही त्याने उतरवली नव्हती. तात्यांनी ‘राहा’ म्हणावं आणि मगच ती उतरवावी, असं त्याने वाटेतच ठरवून टाकलं होतं. असल्या गोष्टी ठरवण्यात तो पटाईत होता.

तात्या मूळचे साताऱ्याचे. बोटीवरच्या नोकरीने नॉर्वेला आले, इथल्याच बाईशी संसार केला आणि ती गेल्यावर डोंगरातल्या या तळ्याकाठी एकटे राहू लागले. लोक त्यांच्याकडे येत, पायरीवर बसत, आणि जाताना जरा हलके होऊन जात. तात्या त्यांना काय देत, हे विचाराल तर बहुतेक वेळा कॉफी.

प्रद्योत ओस्लोत नोकरीला. उन्हाळा लागला की सॅक पाठीला मारायची आणि डोंगरातली तळी पालथी घालायची, हा त्याचा नाद. कुठे पोहायचं, कुठे काठावर तंबू ठोकायचा. पाण्याकडे बघत बसलं की मन निवतं, असं तो सांगे. ते खरंही होतं. या वर्षी मात्र काही केल्या निवत नव्हतं.

कारण वसंतात मुकुंदाचा फोन आला होता. मुकुंदा धाकटा भाऊ, कऱ्हाडला वडिलांजवळ, अण्णांजवळ राहणारा. अण्णा अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर. कधी कुणाकडे काही न मागणारा मुकुंदा त्या दिवशी म्हणाला, “दादा, दोन महिने येशील का रे? मी फार थकलोय.”

प्रद्योत ‘बघतो’ म्हणाला. त्यानंतर त्याने मुकुंदाचा फोन उचलला नाही.

या न उचलण्याला त्याने वैराग्य असं नाव दिलं होतं. तात्यांनाही त्याने आत्ता तेच सांगितलं. सगळं सांगितलं, मुकुंदाचं, अण्णांचं. मोह सुटला म्हणाला. आता नोकरी सोडायची आणि तुमच्या पायाशी राहायचं म्हणाला.

तात्यांनी मासा धुतला.

“होडीने आलास?”

“हो. रस्त्याकडच्या काठाला होती ती घेतली.”

“आणि वाकडा का आलास? मी इथून बघत होतो. पार लव्हाळ्यात शिरलास.”

प्रद्योत किंचित हसला. हे विचारलं जावं अशी त्याची इच्छाच होती.

“डोळे मिटून वल्हवत होतो तात्या. वल्हवताना तोंड मागे असतं ना, सोडलेल्या काठाकडे. तोच सारखा समोर दिसत राहतो. मागून कुणीतरी हाकही मारली. मी डोळे उघडले नाहीत.”

“अस्सं...”

तात्यांनी हात पुसले आणि पाण्याकडे बोट केलं. काठाला दोन होड्या शेजारी शेजारी डुलत होत्या. एक प्रद्योतने आणलेली, दुसरी तिथलीच.

“त्या काठाला आता काय आहे?”

प्रद्योतने वळून त्या काठाकडे पाहिलं.

या तळ्याची रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही. रस्त्याकडच्या खुंट्यावर पाटीच होती. होड्या दोन, काठ दोन, आणि प्रत्येक काठाला एक होडी राहिलीच पाहिजे. म्हणून पलीकडे जाणाऱ्याने आधी पलीकडे जायचं, तिथली होडी मागे बांधून परत यायचं, ती इथे सोडायची आणि मग पुन्हा जायचं. तळं एकदा ओलांडायला तीन खेपा. भोवतीने सगळी दलदल, चालत जायला वाट नाही. पाटी वाचून प्रद्योतला वाटलं होतं, हे सहलीला येणाऱ्यांसाठी असेल. आपण काय सहलीला चाललोय?

“नेऊन ठेवून ये,” तात्या म्हणाले.

“आणि माझ्या प्रश्नाचं?”

तात्या चूल पेटवायला आत गेले.

प्रद्योतने सॅक तशीच पाठीवर ठेवली आणि निघाला. मागे बांधलेली रिकामी होडी हट्टी वासरासारखी ओढ घेत होती. वारा सुटला. तळहाताला फोड आले. मनातल्या मनात तात्यांचा उद्धार करत तो कसाबसा त्या काठाला लागला.

तिथे एक म्हातारी दगडावर बसली होती. पायाशी बाजाराच्या दोन पिशव्या. तात्यांच्या झोपडीमागच्या शेतावरची गुनवोरबाई. बसने आली होती, आणि बघते तर खुंटा रिकामा.

“तुम्हीच हाक मारली होतीत?” प्रद्योतने विचारलं.

“हो. पण तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं, ऊन लागत असेल तुला.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आपण माफी मागितली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

“बराच वेळ बसावं लागलं तुम्हाला.”

“होडी आणतातच परत,” ती म्हणाली. “ज्याच्या लक्षात येतं तो आणतो.”

त्याने एक होडी खुंट्याला बांधली. पिशव्या दुसरीत ठेवल्या, हात देऊन तिला बसवलं आणि वल्ही उचलली.

या खेपेला डोळे मिटायची सोय नव्हती. म्हातारी समोरच बसलेली. तिच्या खांद्यावरून तो काठ दिसत होता, खुंटा दिसत होता, खुंट्याची होडी लहान लहान होत चालली होती.

आणि तिथे त्याला मुकुंदा दिसला. खरा नव्हे, पण दिसला. पाण्याच्या कडेला, अंगावर अण्णांच्या औषधाचे डाग पडलेला सदरा, कुणीतरी होडी घेऊन येईल म्हणून उभा.

प्रद्योतला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, हात वल्ह्यांत गुंतलेले, लपवणार कसं?

गुनवोरबाईने नजर दुसरीकडे वळवली. “जरा डावीकडे घे,” एवढंच म्हणाली.

होडी सरळ जाऊन तात्यांच्या दारात लागली.

म्हातारी पिशव्या घेऊन शेताकडे गेली. तात्यांनी माशाचं ताट पायरीवर ठेवलं.

“सॅक उतरव. जेव.”

ज्या होकारासाठी तो एवढ्या लांबून आला होता, तो मिळाला होता. प्रद्योतने सॅक उतरवली. जेवला. ताट धुऊन ठेवलं. मग पायरीवर येऊन बसला.

“तात्या, मी कऱ्हाडला जातो.”

तात्यांनी मान डोलावली.

त्याने सॅक पुन्हा पाठीला मारली, काठाशी गेला, दोरीला हात घातला आणि थबकला. मग सॅक खाली ठेवली.

“आधी पलीकडची होडी इकडे आणून ठेवतो. मग निघतो.”

तो गेला, होडी बांधून घेऊन आला, ती खुंट्याला नीट अडकवली. हातांची पार चाळण झाली होती. सॅक घेऊन तो शेवटच्या खेपेला होडीत बसला, तेव्हा तात्या पायरीवरून उठून काठापर्यंत आले. पँटचे पाय भिजले तरी पाण्यात उतरले आणि होडीला दोन्ही हात लावले.

“काही सांगायचंय तात्या?”

तात्यांनी होडी आत ढकलली.

“जाताना समोर मी दिसेन. डोळे मिटू नकोस.”