ओढ्याकडे पाठ

“...मग मलाच का दिसत नाही, आबा? माझं काय चुकतं?”

आबा पोटरीवरची जळू काढण्यात गुंतले होते. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. जळू आकसली, सुटली, पाचोळ्यात पडली.

“दिसेल की,” आबा म्हणाले.

“हे तुम्ही गेल्या पावसाळ्यातही म्हणाला होतात.”

“तेव्हाही खोटं नव्हतो बोललो.”

केतकी इंगवलेनं आपल्याही पोटऱ्या चाचपून पाहिल्या. 

श्रावणातली उघडीप होती. सणाचा रविवार, त्यामुळे बाकीचं कुणी आलं नव्हतं. ओढ्याकाठच्या सपाट दगडावर दोघंच, आणि मधे चहाचा थर्मास.

केतकी कोल्हापुरातली दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि रविवारी झाडांत, असा तिचा नेम. अंधारात गाडी काढायची, घाटाच्या तोंडाशी ही वाडी गाठायची, ओल्या दगडावर बसून राहायचं, आणि बहुतेक वेळा नुसती पानं बघून घरी यायचं. आई म्हणायची, “रविवारी तरी सुखानं झोप की गं. पाखरं काय पळून जाणार आहेत?”

जातात, हे आईला कोण सांगणार? पाखरांचा धंदाच तो.

पण एखाद्या रविवारी धुकं फाटतं, समोरच्या फांदीवर एखादा नाचण शेपटीचा पंखा करून ठुमकतो, आणि मग पुढचा अख्खा आठवडा दाढा उपटतानाही डॉक्टरीणबाई गुणगुणत असतात. ज्याला हे वेड नाही त्याला ते पटवता येत नाही, आणि ज्याला आहे त्याला पटवावं लागत नाही.

आबा म्हणजे हिंदुराव आळवेकर. शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन वाडीला परत आले आणि रविवारी येणाऱ्या हौशी मंडळींना रान दाखवू लागले. दाखवू लागले म्हणजे काय, बोलायचे काहीच नाहीत. ओढ्याकाठी बसायचे. कुठं पाखरू बोललं की त्या बाजूला बोट वर करायचे. बास. बोटाच्या रोखानं सगळ्या दुर्बिणी वळायच्या आणि पाखरू तिथं असायचंच.

“कान असावा तर आबांसारखा!” मंडळी म्हणायची.

हे ऐकलं की केतकीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कारण आवाज आधी तिला यायचा. दर वेळी. तिचा कान खरोखरच तिखट होता. दवाखान्यातल्या यंत्राच्या घरघरीतही तिला खिडकीबाहेरचा शिंजीर ऐकू यायचा. पण इथं ती नाव सांगायला तोंड उघडणार, तोवर आबांचं बोट वर. कौतुक आबांचं.

त्यात हा तिबोटी खंड्या.

चिमणीपेक्षाही लहान पाखरू. पोट पिवळं, पाठ जांभळट, चोच शेंदरी. पावसाळ्यात रानातल्या ओढ्यांवर येतो, काठाच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो आणि पाऊस सरला की निघून जातो. मंडळींपैकी सगळ्यांनी तो पाहिला होता. कवडा आणि पारवा यांतला फरक सांगताना ज्यांना घाम फुटतो त्या सरनाइकांनीसुद्धा पाहिला होता. वर फोटो काढून ग्रुपवर टाकला होता.

केतकीनं तो फक्त ऐकला होता. बारीक, सुईसारखा आवाज. तो आला की ती म्हणायची, “खंड्या!” मग सगळ्यांकडे वळून बघायची, कुणी ओळखला ते सगळ्यांना कळलं ना याची खात्री करून घ्यायची. आणि ओढ्याकडे वळायची तेव्हा ओढ्यात नुसतं पाणी असायचं.

तीन पावसाळे असे गेले होते. आता तो खंड्या तिच्या स्वप्नात यायला लागला होता, आणि तिथंही पाठमोरा.

गेल्या रविवारी तिला एक शंका आली. बोट वर करण्याआधी आबा रानाकडे बघतच नाहीत. तिच्याकडे बघतात.

आठवडाभर ती शंका तिला कुरतडत राहिली. शनिवारी रात्री तिनं ठरवून टाकलं. उद्या आवाज आला तरी चेहऱ्यावर काही म्हणजे काही दाखवायचं नाही. मग बघू आबांचं बोट कसं वर जातं ते.

...

ऊन आलं. ओल्या पानांवरून वाफ निघू लागली. केतकीच्या दुर्बिणीच्या काचेवर धुकं धरलं, ते तिनं पुसलं, पुन्हा धरलं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी लांब, आळसावलेली शीळ घातली. शीळ घालणारा कस्तूर. केतकीनं चेहरा दगडासारखा ठेवला.

आबांचं बोट वर गेलं. नेमकं कस्तुराच्या दिशेला.

केतकी वरमली. ‘भलतंच आलं आपल्या मनात,’ तिला वाटलं. एवढ्या थोर माणसाची आपण परीक्षा घ्यायला निघालो!

आबांनी थर्मास उघडला. दोन पेल्यांत चहा ओतला. एक तिच्यापुढं सरकवला.

आणि तेव्हाच आवाज आला.

ची... चीच!

खालच्या वळणावरून. जवळ. अगदी जवळ. केतकीनं मान हलू दिली नाही. नजर आबांच्या हाताकडे.

आबा चहा फुंकत होते.

ची... चीच! आता समोरून. आता वरच्या अंगाला. आता लांब.

आबांनी घोट घेतला. “साखर जास्त झाली आज,” ते म्हणाले.

...

“आबा.”

“काय गं?”

“आत्ता खंड्या गेला.”

आबांनी पेला खाली ठेवला.

“आपल्या समोरून गेला. दोनदा ओरडला. तुम्हांला ऐकू आला नाही.”

तिला वाटलं होतं, आबा चिडतील, नाहीतर काहीतरी सारवासारव करतील. दोन्हींची तिनं तयारी करून ठेवली होती.

“नाही आला,” आबा म्हणाले.

“...मागच्या रविवारी?”

“नाही.”

“गेल्या पावसाळ्यात?”

“तेव्हाही नाही गं.”

ओढ्याचं पाणी दगडावरून खळखळत राहिलं.

“कस्तूर येतो ऐकू,” आबा म्हणाले. “भारद्वाज येतो, कवडे येतात. जाड आवाज हाईत अजून. बारीक गेले. आधी फुलटोचा गेला. मग चष्मेवाला. खंड्या सगळ्यात शेवटी गेला.”

“आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“मलाच कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, पाखरंच संपली. वाडीभर सांगत सुटलो, फुलटोचे गेले, रानाला काहीतरी झालंय म्हणून. रात्री झोप लागायची नाही. मग एकदा तूच म्हणालीस, आबा, फुलटोचा तुमच्या डोक्यावर बसून ओरडतोय की!”

केतकीला ते आठवलं. तेव्हा सगळे खो खो हसले होते. आबाही हसले होते.

“बरं वाटलं बघ त्या दिवशी,” आबा म्हणाले. “रानाला काही झालं नव्हतं.”

“मग ते बोट?”

“तुझी भुवई. पाखरू उजवीकडं असलं की उजवी वर जाते, डावीकडं असलं की डावी. लांब असलं की नुसती मान ताठ होते. जन्मभर पोरांना चेहरे काढायला शिकवले. एवढं तर दिसतंय मला.”

“म्हणजे इतके दिवस सगळ्यांना पाखरं...”

“तूच दाखवलीस.”

हेच ऐकायला ती पेटून उठली होती. हे सरनाइकांच्या तोंडून ऐकलं असतं तर तिनं पेढे वाटले असते. आता मात्र ते वाक्य हातात आलं आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

“सांगायचं तरी होतंत,” ती हळूच म्हणाली.

“सांगितलं असतं तर तुम्ही सगळे मला ओरडून सांगाय लागला असता. रानात ओरडू नये.”

तिला हसू आलं. आबा हसले नाहीत. ते पुढं सरकले. सत्तरी उलटलेल्या त्या चेहऱ्यावर एकदम शाळेतल्या पोराची उत्सुकता आली.

“ते राहू दे गं सगळं. कसा होता ते सांग.”

“कोण?”

“कोण काय? खंड्या! ऊन पडलंय आज. उन्हात त्याची पाठ कशी दिसते म्हणतेस... चोचीत काय होतं? सापसुरळी होती का बेडूक? पिल्लांसाठी नेत असणार.”

केतकीनं तोंड उघडलं.

...

समोरून गेला होता. हात लांब केला असता तर वारा लागला असता इतक्या जवळून. तीन पावसाळे जळवा अंगावर घेऊन, आईची बोलणी खाऊन जो दिसावा म्हणून ती इथं येत होती, तो उन्हात, उघड्या ओढ्यावरून, तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता.

आणि ती आबांच्या हाताकडे बघत होती.

“मी...” केतकी म्हणाली. “मी तुमच्याकडे बघत होते.”



तिला रडू आलं. आधी स्वतःसाठी आलं. मग तिच्या ध्यानात आलं की तिनं भुवई आवळून धरली म्हणून आबांचाही खंड्या गेला, आणि मग ते रडू थांबेना. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

“चुकलं माझं, आबा.”

“चहा घे. निवतोय.”

तिनं चहा घेतला. खरंच साखर जास्त होती.

आबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. केतकीला वाटलं, निघाले. निघालेच पाहिजेत, अशा पोरीबरोबर कोण बसेल? तिनंही थर्मासचं झाकण लावायला घेतलं.

“ते कशाला लावतीस?” आबा म्हणाले. “पिल्लं हाईत त्याची वरच्या अंगाला. चारा देऊन पुन्हा याच वाटेनं खाली येणार तो. बस.”

ती बसली.

आबांनी आपली टोपी सारखी केली. मग दगडावर वळून बसले. ओढ्याकडे पाठ, तोंड केतकीकडे. हात मांडीवर, पोरं चित्र काढायला बसतात तसे अगदी निवांत.

वर कुठंतरी बुलबुलांची कलकल चालली होती. ओढ्यावर ऊन स्वच्छ पडलं होतं.

“आबा, असं काय बसलात?” केतकी म्हणाली. “ओढा तुमच्या पाठीमागं आहे. तुम्हांला काय दिसणार?”

“तू ओढ्यावरनं नजर काढू नको,” आबा म्हणाले. “मला खंड्या इथनंच दिसतो.”