दोन समुद्रांची पाटकरीण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि तीही आपल्या मुलखातली नाही. दोन मोठ्या समुद्रांच्या मधे चिंचोळ्या पट्टीवर होंडुरास नावाचा देश आहे, तिथली. त्या देशात एक लांबलचक डोंगर आहे. त्याच्या उत्तरेच्या अंगाला पडलेलं पाणी ग्वायापे नदीला मिळतं, ग्वायापे पातुकेला मिळते, आणि पातुका रानावनांतून वळसे घेत कॅरिबियन समुद्र गाठते. दक्षिणेच्या अंगाचं पाणी चोलुतेका नदी पॅसिफिकला नेऊन घालते. म्हणजे बघा, एकाच ढगातून उतरलेली सख्खी भावंडं, पण एकदा का माथ्यावर फुटली की पुन्हा भेट नाही.

त्या माथ्यावर एक झरा होता. उत्तरेच्या उतारावर गार्सास नावाचं गाव, दक्षिणेच्या उतारावर होबो. झरा एक आणि हक्क सांगणारे दोन, मग व्हायचं ते झालं. एका उन्हाळ्यात कोयते निघाले आणि सात माणसं पडली. तेव्हा दोन्हीकडचे म्हातारे बसले आणि त्यांनी ठरवलं, की पाणी वाटायला माथ्यावर एक पाटकरी ठेवायचा. सकाळी गार्सासच्या पाटाचं दार फोडायचं, सूर्य डोक्यावर आला की ते मातीने बुजवायचं आणि होबोचं फोडायचं. काम सोपं. पण कायदा मोठा कडक. ज्याच्या हातचं मीठ खाल्लं त्याच्याकडे माणूस कलतो, म्हणून पाटकऱ्याने कुणाच्या घरचं शिजलेलं खायचं नाही. शब्दानेही माणूस कलतो, म्हणून त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. खाली उतरायचं नाही. पिण्यापुरतं भोपळाभर पाणी तेवढं रोज त्याचं स्वतःचं.

असलं जिणं कोण पत्करणार? तोमासाने पत्करलं. ती गार्सासची लेक आणि होबोची सून. त्या मारामारीत तिचा भाऊ एका बाजूने पडला होता आणि नवरा दुसऱ्या. पदरात सहा वर्षांची पोर, डेल्फिना. तिला नणंदेच्या ओटीत घातली आणि तोमासा वर चढून गेली. पोर मागे रडत होती. तोमासाने वळून पाहिलं नाही असं म्हणतात. मला काही ते पटत नाही. पाहिलं असणारच.

बारा वर्षं ती तिथे राहिली. एका खडकावर कुणीतरी कच्चा मका ठेवून जायचं, कोण ते तिला कधी कळलं नाही. ती स्वतःच दळायची, भाजायची, खायची. आभाळ आलं तर सावली दिसायची नाही, तेव्हा ती झऱ्यात तळवा बुडवायची आणि पाण्याच्या उबेवरून भर दुपार ओळखायची, आणि एका घटकेची चूक कधी झाली नाही असं म्हणतात. दोन्ही गावं तिला नुसतं ‘पाटकरीण’ म्हणायची. तिला कुणी नव्हतं बोलायला, म्हणून ती पाण्याशी बोलायची. सकाळच्या पाण्याला सांगायची, माहेरी जातंयस, माझ्या आईच्या दारावरून जा. दुपारच्या पाण्याला सांगायची, माझी डेल्फी केवढी झाली ते बघून ये. पाणी कसलं परत येतंय! ते आपलं समुद्राला.

त्यातली शेवटची तीन वर्षं पाऊस झाला नाही. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. होबोची वाट लांब आणि उन्हाची, पाणी अर्ध्यावरच जिरायचं. एके दिवशी दुपारच्या आधी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन वर आली. तोमासाने तिला पाहिलं आणि हातातलं फावडं खाली ठेवलं.

“आई, मी डेल्फिना,” ती म्हणाली. “मला अंगावर दूध नाही गं. आजचा दिवस दार आमच्याकडे लवकर फोड. एवढंच माग‍ते.”

तोमासाला बोलायचं होतं. पण बारा वर्षांत माणसाशी शब्द नाही, घशातून आवाजच फुटेना. तिने सूर्याकडे पाहिलं. तो अजून डोक्यावर आला नव्हता. तिने दार फोडलं नाही. झोपडीत जाऊन आपला पिण्याचा भोपळा आणला, नातवाच्या ओठांना लावला, आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, “हे माझं आहे. उद्याही ये.”

दुसऱ्या दिवशी डेल्फिना आली, आणि पलीकडून गार्सासचीही एक बाई तान्हं घेऊन आली. बातमी कशी पोचली कोण जाणे. तोमासाने भोपळा दोघींत सारखा वाटला. तिसऱ्या दिवशी चार बायका आल्या, आठव्या दिवशी अकरा. थेंबथेंब का होईना, प्रत्येक लेकराचे ओठ भिजले. ती स्वतः काय पीत होती, हे एकीनेही विचारलं नाही. बोलायचं नाही असा कायदाच होता ना! डेल्फिनाही मग गप्पच यायची, कारण गार्सासच्या बायका बघत असायच्या. चाळीस दिवस हे चाललं असं म्हणतात.

एकेचाळिसाव्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस आला. दोन्ही गावं नाचत वर गेली, पाटकरणीला सांगायला. झोपडी रिकामी होती. ती बसायची तिथली जमीन दुभंगून मनगटाएवढं पाणी उसळत होतं, आणि वर आलं की आपोआप दोन होत होतं, निम्मं गार्सासकडे आणि निम्मं होबोकडे. लोकांनी मापून पाहिलं, ओंजळीचाही फरक निघाला नाही. मग कुणीतरी विचारलं, तिचा आवाज कसा होता? एवढ्या मोठ्या जमावात कुणालाच सांगता येईना. डेल्फिना तेवढी खाली बसली आणि रडली. तिच्यापाशी आईची दोनच वाक्यं होती.

झरा आजही फुटतो, वाटायला कुणी लागत नाही. पण त्या खिंडीतून जाणारा माणूस पाणी प्यायच्या आधी तिथे टेकतो आणि बोलतो. घरचंच बोलतो. गाय व्याली, मक्याला कीड लागली, थोरलीचं जमलं, सासूचं दुखणं काही हटत नाही. नवी सून आली की तिचं नाव तिथे मोठ्याने सांगतात. कुणी परका वाटसरू ते बघून हसला, तर त्यालाही बसवतात आणि त्याच्या घरचं विचारतात. आणि सगळं सांगून झालं, की लगेच उठत नाहीत. थोडा वेळ गप्प बसतात. तोमासालाही काही बोलायचं असेल, म्हणून.