उसवलेला डाव

"जिंकलास तर आमचा अपमान, म्हणून तुरुंग! हरलास तर मुद्दाम हरलास, म्हणून तुरुंग! आणि डाव बरोबरीत सोडवलास तर आमच्याशी बरोबरी केलीस, म्हणूनही तुरुंगच!"

जांभूळगडच्या बजाजीराजांनी शिदोबा गुरवाला हे भर दरबारात ऐकवलं. वर पुस्ती जोडली, "उद्या सकाळी पट मांडायचा. सूर्यास्ताची नौबत झडली की निकाल. डाव अर्धवट राहिला तर काय, ते सांगायला नको!"

शिदोबा म्हणजे त्या काळचा बुद्धिबळातला वाघ. भले भले त्याच्यासमोर मिशीला पीळ देत बसायचे आणि मान खाली घालून उठायचे. राजे मात्र आजवर कुणाकडूनच हरले नव्हते. हरणार कसे? फसलेली चाल ते बिनदिक्कत परत घेत, आणि दरबारी माना डोलवत, "वा सरकार! काय चाल परत घेतलीत!"

सगळं सुरळीत चाललं होतं. पण परवा एक गोरा साहेब पाहुणा आला. राजांनी हौसेने पट मागवला, तर साहेब विचारतो कसा, "तो शिदोबा कुठे राहतो?" राजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या!

शिदोबा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको ठकू चोळी शिवत होती. पटावरचा उंट कुठला नि घोडा कुठला, हे तिला ठाऊक नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

"काय हो, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

शिदोबाने सगळं सांगितलं.

"राजे चाल परत घेतात म्हणता ना?"

"घेतात की! पण शेवटची तेवढी. त्याने काय होणार?"

"शेवटचीच का? ही बाही बघा, वाकडी बसलीय. शेवटचा टाका उसवून सरळ होईल? वाकडं जिथं सुरू झालं तिथवर उसवावं लागतं! सांगा की तुमच्या राजाला!"

शिदोबाने डोक्याचा हात काढला. मग उठला आणि पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी पहिली चाल राजांची. शिदोबा असा तुटून पडला की दुपार कलेपर्यंत राजांचा वजीर गेला, हत्ती गेला आणि शह बसला.

"ही चाल परत!" राजे गरजले.

"अवश्य, सरकार! मीही माझी मागे घेतो. पण खरी चूक ही नव्हेच. हिच्या आधीची!"

राजांनी निरखून पाहिलं. खरंच की! "मग तीही परत!"

"आणि तो उंट तिथे गेला नसता तर, सरकार?"

"उंट मागे!"

वजीर जिवंत झाला. हत्ती उठून उभा राहिला. मेलेली प्यादी एकेक करून रांगेत परतली. डाव जिंकूनही राजांना कधी एवढा आनंद झाला नव्हता! दरबारी तर "वा सरकार" म्हणून म्हणून घसा बसवून बसले.

शेवटी राजांचं एकच प्यादं पुढे उरलं. सूर्य डोंगराला टेकला होता.

"यात तरी चूक नाही ना?"

"कसं सांगू, सरकार? सगळं रामायण इथूनच सुरू झालं!"

राजांनी ते प्यादंही मागे घेतलं, आणि नौबत झडली!

"बोल! कोण जिंकलं?"

"कुणीच नाही, सरकार."

"म्हणजे तू हरलास!"

"छे!"

"मग बरोबरी केलीस!"

"माझी काय बिशाद!"

"मग डाव अर्धवट राहिला! शिपाई, धरा याला!"

शिदोबाने पटाकडे बोट दाखवलं. "अर्धवट कसला, सरकार? डाव अजून सुरूच व्हायचाय!"

राजांनी पटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि असे हसत सुटले की पगडी मांडीवर आली!

"आमच्याच हातून उसवलंस की रे! कुणाचं हे डोकं?"

"बायकोचं, सरकार."

राजांनी ठकूसाठी रेशमी खण मागवले आणि आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून शिदोबाला घातलं. "आणखी काय हवं ते माग!"

"उद्यापासून चाल परत घ्यायची नाही, सरकार!"

"दिलं वचन!" राजे म्हणाले, आणि लगेच दचकले. "थांब थांब! हे वचन तेवढं परत घेतो!"

"घ्या की, सरकार!" शिदोबा मनगट पाठीमागे लपवत म्हणाला, "कडं मात्र परत मिळायचं नाही!"

राजे पुन्हा पोट धरून हसले.