कमरेची सुरी

“कशाक कापलात?”

परसू मेस्त्रीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळी भिवाआबांनी त्याला बसायला सांगितलं होतं. तो बसला नव्हता.

आबा उंबरठ्यावर बसून दगडावर सुरी घाशीत होते. रोज सकाळी घाशीत, तशीच. पाण्याचा एक थेंब, चार घासे, पुन्हा एक थेंब. समोरच्या माणसाने तीन दिवस धड जेवण केलेलं नाही हे त्यांना दिसत होतं, पण सुरीचं काम सुरीच्या वेळेला व्हायला हवं.

परसूच्या हातात तंगुसाचं लाकूड होतं. तंगूस म्हणजे मासे गरवायची नायलॉनची दोरी. चार वर्षांपूर्वी आबांनीच ती लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून त्याला दिली होती. आज ती परत करायला तो आला होता. कापण्याचं कारण विचारायचं, दोरी म्हाताऱ्याच्या पायाशी टाकायची आणि भाटवेळच्या किनाऱ्याचं पुन्हा तोंड बघायचं नाही, एवढं एसटीत बसल्या बसल्या ठरवून झालं होतं.

“बस,” आबा म्हणाले.

“बसूक नाय इलंय.”

...

परसू मेस्त्री साधा माणूस नव्हता. किनाऱ्यापासून दोन गावं आत त्याची गणपतीची शाळा होती. मूर्ती घडवायच्या जागेला तिकडे शाळाच म्हणतात. माती कुणीही मळो, मूर्ती कुणीही रंगवो, डोळे मात्र परसूने आखायचे. श्वास रोखून, एका रेषेत. घरातल्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, परसूचा गणपती तुमच्याकडेच बघणार. लोक मूर्तीसाठी दिलेल्या पाटावर नाव घालताना आधी विचारून घेत, डोळे मेस्त्रीच काढणार ना?

“माजो हात हलना नाय,” असं तो चारचौघांत म्हणे. हा गर्व होता, पण खोटा नव्हता. त्यामुळे त्याला टोकायची कुणाची छाती होत नसे.

असा माणूस गरवायच्या नादी लागला. होडी नाही, जाळं नाही. वाळूत उभं राहायचं, शिशाचा गोळा डोक्याभोवती फिरवून गरी, म्हणजे गळ, लाटांपलीकडे भिरकावायची आणि दोरी बोटांवर धरून वाट बघायची. या कामात भिवाआबा तांडेलांच्या तोडीचा माणूस त्या पट्टीत नव्हता. परसूने दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. शिकायचं तर पहिल्या नंबरच्या माणसाकडून, अशी त्याची रीत.

आबा फार शिकवत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट तोंडाने सांगितली. लाट परतते तेव्हा दोरी द्यायची, लाट येते तेव्हा घ्यायची. मोठा मासा माणसाला ओढून येत नाही, त्याला लाट आणून देते.

दुसरी गोष्ट त्यांनी तोंडाने सांगितली नाही. दोरी निसटू नये म्हणून परसूने ती बोटांवरून एकदा गुंडाळली, तेव्हा आबांनी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि परसूने विचारलं नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला चारचौघांत चापट बसली, याचंच त्याला जास्त लागलं होतं.

आबांच्या तीन गोष्टी भाटवेळात सगळ्यांना माहीत होत्या.

पहिली, ती सुरी. गरवायला जाताना ती कमरेला असायचीच. तिने कधी आमिष चिरलं नाही, मासा साफ केला नाही. आबांच्या बायकोने एकदा नारळाची शेंडी काढायला मागितली तर दिली नाही. तिने ते मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

दुसरी, उजवा हात. त्याची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नव्हतं. कुणी म्हणे बर्फाच्या कारखान्यात गेलं, कुणी म्हणे होडीच्या यंत्रात. आबांना विचारलं तर ते म्हणत, “माशान नेल्यान.” लोक हसत. आबाही हसत. म्हाताऱ्याला मस्करीची खोडच होती.

तिसरी गोष्ट दारावर होती. सुपाएवढी वाळलेली शेपटी, चार खिळ्यांनी ठोकलेली. आबांनी तिशीत असताना, आपल्या गुरूच्या शेजारी वाळूवर उभं राहून काढलेला चोणाक. चोणाक म्हणजे वरच्या कोकणातला जिताडा. ती शेपटी गावकऱ्यांनी ठोकली होती, आबांनी फक्त नको म्हटलं नव्हतं. त्यानंतर तेवढा मासा त्या किनाऱ्यावर कुणी काढला नाही. तो कसा आला, हे परसूने चार वर्षांत वीसदा विचारलं असेल.

“इलो,” एवढंच आबा म्हणत.

...

आणि मग तीन दिवसांपूर्वीची ती सकाळ.

आषाढ सरत आला होता. होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या. उजाडल्या उजाडल्या परसूने पहिली गरी टाकली आणि ती पडते न पडते तोच दोरीला असा हिसका बसला की तो चार पावलं पाण्यात गेला.

पुढचा तासभर परसू जे करत होता ते बघायला अर्धा गाव वाळूत जमला. त्याने एकही चूक केली नाही. लाट परतली की देत होता, आली की घेत होता. दोरी बोटांवरून सळसळत जायची, पुन्हा हातात यायची. आबा दहा पावलांवर उभे होते. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि परसूला त्याचा फार अभिमान वाटला. सांगायला काही उरलं नाही, असाच त्याचा अर्थ त्याने लावला.

मग मासा दिसला. गुडघाभर पाण्यात, अंगावर ऊन घेऊन तो कुशीवर वळला. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा. मागून कुणीतरी ओरडलं की आबांची शेपटी आज दारावरून उतरणार. परसूने पाण्यातल्या माशाची शेपटी नीट पाहिली. रेषेची मापं ज्याच्या डोळ्यात बसलेली, त्याला वेगळी पट्टी लावावी लागत नाही. दारावरच्या शेपटीपेक्षा ही चांगली चार बोटं रुंद होती.

लाट परतायला लागली. आता द्यायचं होतं.

परसूने दिलं नाही. उजव्या हाताच्या बोटांवरून दोरीचे दोन वेढे घेतले, टाचा वाळूत रोवल्या आणि तो मागे रेलला. आणखी एक लाट, की मासा वाळूवर. एवढ्यासाठी आता सोडायचं?

मासा समुद्राकडे फिरला. मागे सरणारं सगळं पाणी त्याच्या बाजूने होतं. दोरी ताठ झाली, परसू गुडघ्यांवर आला, छातीवर आला, वाळूतून फरफटत दोन हात पुढे गेला. तरी त्याने मूठ उघडली नाही. खरं तर त्याला ती उघडता आली नसती, पण हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला फक्त मासा दिसत होता.

तेवढ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे भिवाआबा पाण्यात धावत आले. त्यांनी माशाकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताने कमरेची सुरी उपसली आणि एका फटक्यात दोरी कापली.

परसू होता तिथेच पालथा पडून राहिला. दोन लाटांपलीकडे शेपटी एकदा वर आली, आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

परसू रडला. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडला. आबांनी सुरी धोतराच्या सोग्याला पुसली, कमरेला खोचली आणि ते घरी निघून गेले.

संध्याकाळपर्यंत गावाने निकाल लावून टाकला होता. म्हाताऱ्याला दारावर दुसरी शेपटी नको होती. शिष्य पुढे गेलेला कुठल्या गुरूला बघवतो? परसूने आधी ते उडवून लावलं. मग विचार केला. रात्रीपर्यंत ते त्याला पटलं.

पुढचे तीन दिवस तो शाळेत कुंचला घेऊन नुसता बसून राहिला. ब्याण्णव गणपती फळ्यांवर ओळीने उभे होते, आंधळे. चतुर्थी महिन्यावर आली होती. परसू मूर्तीसमोर बसे, श्वास रोखी, आणि त्याला ती चार बोटं रुंद शेपटी दिसे. उजव्या हाताच्या बोटांवर दोन निळे वळ उठले होते. त्यांच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

...

“कशाक कापलात?” परसूने चौथ्यांदा विचारलं.

आबांनी सुरीची धार अंगठ्यावर पाहिली.

परसूला आता राहवेना. त्याने मनात होतं ते सगळं ओकून टाकलं. चार वर्षं पावसापाण्यात येऊन पायाशी बसलो, एकदा उलट बोललो नाही, चापट मारलीत तीही खाल्ली, आणि माझा दिवस आला तेव्हा तुम्ही हे केलंत. आवाज चढला तसे शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले.

“तुमका दारार दुसरी शेपटी नको होती,” तो म्हणाला.

आबांचा हात थांबला.

...

ते उठले. आत गेले. चुलीतला एक विझलेला कोळसा डाव्या हातात घेऊन बाहेर आले आणि तो त्यांनी परसूपुढे धरला.

“डोळो काढ.”

“कोणाचो?”

आबांनी दाराकडे मान हलवली. “माशाचो. शेपटी आसा. डोळो नाय.”

परसूला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्याने तंगूस पायरीवर आपटला, कोळसा जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि तो दारासमोर उभा राहिला. तीन दिवस ज्या हाताने एक रेघ ओढली नव्हती, तो हात रागाने वर गेला. त्याने श्वास रोखला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत कोळसा धरला, अंगठा टेकवला, आणि शेपटीपासून दोन हातांवर, फळीच्या दुसऱ्या टोकाला, एका रेषेत डोळा काढला.

हात हलला नाही.

आबा ओटीच्या एका टोकाला गेले. डोळा त्यांच्याकडे बघत होता. ते दुसऱ्या टोकाला गेले. डोळा तिथेही आला. कुंपणाशी उभ्या असलेल्या लोकांनाही तो आपल्याकडेच बघतोय असं वाटलं असावं, कारण त्यांची कुजबुज थांबली.

“बरो इलो,” आबा म्हणाले. चार वर्षांत त्यांनी परसूला बरं म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

त्यांनी कोळसा परत घ्यायला हात पुढे केला, उजवा हात. एरवी ते सगळं डाव्यानेच करत. परसूने कोळसा त्या हातावर ठेवला. तो अंगठा आणि उरलेल्या बोटांमधून घसरला, पायरीवर पडला आणि फुटला.

दोघेही त्या तुकड्यांकडे बघत राहिले.

परसूचा राग निम्मा उतरला होता. पण निम्मा अजून होता, आणि त्याच्याकडे एक प्रश्न असा होता ज्याला उत्तर नव्हतं, अशी त्याची खात्री होती. ती शेपटी दारावर होती. साऱ्या गावाने पाहिलेली. ती काही कुणी मधेच कापून समुद्रात सोडली नव्हती.

“तुमचो मासो किनाऱ्याक लागलो,” तो म्हणाला. “तुमच्या गुरून तुमचो तंगूस नाय कापल्यान.”

“नाय,” आबा म्हणाले. “नाय कापल्यान.”

...

त्यांनी सुरी कमरेला खोचली. पायरीवर पडलेला तंगूस उचलला, त्याची वाळू झटकली आणि परसूच्या हातात ठेवला. तो ठेवताना त्यांनी परसूची बोटं एकेक करून उलगडली, त्यांच्यावरचे दोन निळे वळ पाहिले आणि पुन्हा मिटवली.

मग त्यांनी आपला उजवा हात दारावरच्या शेपटीवर सपाट टेकवला.

“त्या दिवशी माज्या गुरूकडे सुरी नाय होती.”