'अहो'चं इंग्रजी

“मग 'अहो'ला इंग्रजीत म्हणायचं तरी काय, बुवा?”

रणधीर तावातावानं विचारत होता. गारगोटीजवळच्या टेकडीवर बुवांचा लहानसा मठ. संन्यास घेण्याआधी बुवा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि रणधीर त्यांचा लाडका विद्यार्थी होता.

आता तो इंग्रजीत कादंबऱ्या लिहितो; नवी तर स्वतःच्या आई-वडिलांवरच आहे. साहेबाची भाषा आपण आपल्या मातीत लोळवली, असं चारचौघांत सांगतो. अगदीच खोटं नाही. त्याच्या इंग्रजीत भाकरी आहे, ठेचा आहे, कोल्हापुरी शिव्याही आहेत.

“'अहो' तसंच ठेव की,” बुवा म्हणाले.

“ठेवलं होतं. संपादकबाईंना वाटलं, माझ्या वडिलांचं नावच अहो.”

बुवा पोट धरून हसले. रणधीर हसला नाही.

“मग काय केलंस?”

“खरं नाव घातलं. वडील जातात त्या प्रसंगात आई हाक मारते, ‘केरबा, ऊठ.’ ते पान मी आईला मराठीत सांगून दाखवलं.”

“मग?”

“म्हणाली, ‘मी त्यांचं नाव घेतलं? त्या वेळेला?’ आणि उठून आत गेली. तेव्हापासून जेवायला वाढते, पण माझ्याशी बोलत नाही.”

बुवांचं हसू मावळलं.

“पुस्तक आता छापायला जाईल. बदलावं, तर वाचणाऱ्याला कळत नाही. ठेवावं, तर आई... मला काही सुधरेना, बुवा.”

...

“परदेशात शिकलास ना तू? तिथं मास्तरांना काय म्हणायचास?”

“नावानंच हाक मारायचो. सगळेच मारतात.”

“जड गेलं?”

“सुरुवातीला. मग सवय झाली.”

“मग मलाही मार. कॉलेजातलं माझं नाव ठाऊक आहे तुला. सर नको, बुवा नको. नुसतं नाव.”

“पण कशाला?”

“मराठीत जमत नसेल, तर इंग्रजीत मार.”

एवढंच ना, असं रणधीरला वाटलं. तो ताठ बसला.

“हॅलो...”

पुढं गाडी सरकेना. त्यानं घसा खाकरला. पुन्हा ‘हॅलो’ म्हणाला. नाव ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. समोर म्हातारा शांतपणे वाट बघत होता.

रणधीरचे कान तापले. स्वतःचाच राग आला, आणि राग कशाचा येतोय तेही उमजेना. त्यानं मान खाली घातली.

“नाही घेता येत.”

“इंग्रजीतसुद्धा?”

“इंग्रजीतसुद्धा.”

...

“हां,” बुवा म्हणाले, “आता हे अडणंच इंग्रजीत लिही.”