साहेब चढले काजूवर

दोडामार्गजवळच्या काजूच्या बागेत एकट्या राहणाऱ्या इंदिराकाकी गावस यांच्याकडे स्वसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक होती. त्याचा सुगावा लागताच विमा कंपनीचे परचुरेसाहेब टाय बांधून घरापुढच्या खळ्यात हजर झाले.

“काकी, उद्या दरोडेखोरावर गोळी झाडलीत, की कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसाल! आमची पॉलिसी घ्या. वकील आमचा, खर्च आमचा.”

काकींनाही नेमकी तीच धास्ती होती. त्या सही करणारच होत्या, पण त्यांनी सहज विचारलं, “अट काही आहे का?”

“एकच. गोळी झाडण्याआधी आमच्या कचेरीत फोन करायचा. धोका खरा आहे का, ते आमचे तज्ज्ञ ठरवतील. तुम्हा बायकांना काय, पाचोळा वाजला तरी चोर दिसतो!”

“बरोबर हो,” काकी म्हणाल्या. “बसा, चहा टाकते.” आणि आत जाऊन त्यांनी मागच्या दारी बांधलेल्या सुभेदाराला सोडलं.

सुभेदार म्हणजे वासराएवढा काळा कुत्रा. तो भुंकत खळ्यात आला मात्र, साहेब टायसकट काजूच्या झाडावर!

“काकी, धरा त्याला! फाडून खाईल मला!”

काकी सावकाश आल्या आणि त्यांनी सुभेदाराचा जबडा उघडून दाखवला. म्हाताऱ्याच्या तोंडात औषधालाही दात नव्हता.

“धोका काही खरा नव्हता, साहेब,” काकी म्हणाल्या. “पण झाडावर चढण्याआधी तुम्ही कचेरीत फोन केलेला मला दिसला नाही.”